कर्ता मागणाऱ्या इर्माबाई

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मॅनेजमेंटची नोटीस लागली की ती संध्याकाळपर्यंत काही धड राहायची नाही. "मंगळवारी दहा ते चार पाणी बंद ठेवण्यात येईल. गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे," अशा अर्थाचं ते नेहमीचं इंग्रजी. मी ऑफिसातून येऊन बघावं तर 'येईल'च्या शेजारी लाल पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले असायचे: 'बाय हूम?' कोण बंद ठेवणार? आणि दिलगिरीच्या खाली पुन्हा तेच. कोणाला वाटतेय दिलगिरी, त्याने सही करावी. एकदा मॅनेजर चिडला आणि त्याने नोटिशीवर प्लास्टिक लावलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकवर मार्करने लिहिलेलं होतं.

हे उद्योग माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या इर्मा रोझेनथाल यांचे. वय वर्षं चौऱ्याण्णव. मी तोंडावर त्यांना 'इर्मा'च म्हणायची, कारण 'मिसेस' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. पण मराठीत बोलायला लागले की माझ्या तोंडून 'इर्माबाई'च येतं. गेल्या डिसेंबरात त्या वारल्या. हो, वारल्याच. झोपेत, आपल्या पलंगावर. हा शब्द मी विचार करून वापरते आहे आणि का, ते पुढे कळेल.

मी रंजना. मूळची नागपूरची, जर्सी सिटीत एकोणीस वर्षं झाली. रोज सकाळी ट्रेनने नदीखालून मॅनहॅटनला जायचं, एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचं, परत यायचं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

इर्माबाई गोड म्हाताऱ्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. नाझींच्या हातून वाचलेली म्हातारी लोकांना गोड लागते. तिला शाळेत बोलवायचं, हातात फुलं द्यायची आणि म्हणायचं, मुलांना क्षमेबद्दल दोन शब्द सांगा. इर्माबाईंनाही एका शाळेने बोलावलं होतं. त्यांनी स्टेजवरून विचारलं, "क्षमा मागितली कोणी? माझ्यापर्यंत तरी कोणी आलेलं नाही." त्यानंतर त्या शाळेचं बोलावणं आलं नाही. मला हे सांगताना त्या रागाने लाल झाल्या होत्या, आणि तो राग ऐंशीएक वर्षं जुना असूनही जराही शिळा झालेला नव्हता.

चाळीस वर्षं त्या इथल्या कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदार, वकील, जज, जो जे बोलेल ते अक्षरन् अक्षर त्या छोट्या मशीनवर टिपून घ्यायचं. "मी ऐकते ते लिहिते. त्यांना काय म्हणायचं होतं ते नाही," असं त्या म्हणायच्या. रिटायर होऊन तीस वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. मी काही सांगायला लागले की त्यांची बोटं मांडीवर हलायची. मी म्हणाले, "ऑफिसात एक चूक झाली," की बोटं थांबायची.

"चूक झाली? चूक काय चालत आली का? केली कोणी?"

"मी केली, बाई!" मी ओरडायची. मग बोटं पुन्हा सुरू.

ही खोड त्यांना लावली त्यांच्या वडिलांनी. इर्माबाई त्यांना पापा म्हणायच्या. पापा जर्मनीतल्या एका मध्यम शहरात वकील होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेले, छातीवर पदक मिळवलेले. रविवारी सकाळी नाश्ता झाला की ते लेकीला वर्तमानपत्र द्यायचे आणि सांगायचे, "क्रियापदावर बोट ठेव. आता सांग, हे केलं कोणी? कर्ता सापडत नसेल तर समज, कोणीतरी पडद्यामागे उभा आहे." कर्ता, कर्म, क्रियापद. आपण सातवीत शिकतो आणि विसरतो. या बाईने ते जन्मभर धरून ठेवलं.

ती आठ वर्षांची असताना एक सरकारी पत्र आलं. सदर इसमाचं नाव वकिलांच्या यादीतून वगळण्यात आलं आहे. ज्यू म्हणून. यापुढे त्याने स्वतःला वकील म्हणवून घ्यायचं नाही. फार तर ज्यूंपुरता 'सल्लागार' म्हणून परवाना मागावा. पापांनी ते पत्र लेकीपुढे ठेवलं आणि म्हणाले, शोध. तिने सगळं वाचलं. कर्ता कुठेच नव्हता. खाली एक सही होती, ती शिक्क्याने झाकलेली.

हे ऐकताना माझ्या अंगाची आग आग झाली. आम्ही नागपूरचे बौद्ध. आमच्या वस्तीत पहिला मुलगा वकील झाला तेव्हा त्याच्या काळ्या कोटाला हात लावून बघायला बाया आल्या होत्या, माझी आजी त्यात होती. तो कोट अंगावरून उतरवून घेणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढचं तर अजून भयंकर. त्याच आठवड्यात डॉक्टर क्राउझे घरी आले. डॉक्टर म्हणजे कायद्यातली पदवी, हेही वकीलच, पापांचे धाकटे सहकारी. दर रविवारी जेवायला यायचे, इर्माला पोहायला त्यांनीच शिकवलेलं. त्या दिवशी मात्र ते मोजायची टेप घेऊन आले होते. पापांचं लाकडी टेबल आपल्या ऑफिसच्या दारातून आत जाईल का, ते बघायला. पापांचे अशीलही त्यांच्याकडेच जाणार होते, टेबलही. एकट्याला टेप धरता येईना, म्हणून पापांनी दुसरं टोक धरलं.

"माझ्या पापाने टोक धरलं, रांजना," त्या म्हणाल्या. माझं नाव त्या असंच घ्यायच्या. "सवयीने. समोरच्याला मदत करायची सवय होती त्याला."

वर्षभराने इर्माला ज्यू मुलांना देशाबाहेर नेणाऱ्या आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई, पापा आणि चार वर्षांचा भाऊ माक्स मागे राहिले. त्या तिघांना पूर्वेकडे नेऊन नाझींनी मारलं. कुठे पुरलं की जाळलं, काही पत्ता नाही. स्टेशनवर जर्मनमध्ये शेवटचं बोलल्या त्या बोलल्याच. नंतर ती भाषा त्यांनी वाचली, पण तोंडाने उच्चारली नाही.

मी एकदा त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, घेऊन गेले. त्यांना आमच्या वांग्याच्या भाजीचं भारी वेड. तिथे एक काका होते. त्यांची सवय अशी की नवा माणूस दिसला की दुसराच प्रश्न: आडनाव काय? मग मूळचे कुठले? मग कोणाकोणाला ओळखता? मला त्यांनी हे तीन वेगवेगळ्या वर्षी विचारलंय आणि तिन्ही वेळेला उत्तर ऐकून भजी घ्यायला उठून गेलेत. तर या काकांना कळलं की इर्माबाई जर्मनीच्या. लगेच माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "काही म्हणा, पण त्या माणसाने देशाला शिस्त लावली हां. आपल्याकडे तसा एक पाहिजे यार." आणि नाव घेतलं. त्या मिशीवाल्याचं नाव कुठल्याही भाषेत सारखंच ऐकू येतं, एवढी अक्कल काकांना नव्हती.

इर्माबाईंनी चमचा खाली ठेवला. "काय म्हणाले ते?"

मी घाबरले. खरं सांगते, घाबरले. "तुम्हाला भाजी आवडली का, विचारतायत."

"माझ्या कोर्टात असतीस तर पहिल्याच दिवशी हाकलली असती तुला," त्या म्हणाल्या. "शब्दाला शब्द सांग."

सांगितलं. इर्माबाई खुर्ची सरकवून उठल्या, काठी टेकत काकांसमोर गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचं पूर्ण नाव सांगा. आडनावासकट. स्पेलिंग पण." काका आधी हसले, मग कार पार्किंगची वेळ संपत आली म्हणून निघाले. त्यांचं नाव मला पाठ आहे. इर्माबाईंच्या नियमाने ते इथे लिहायला हवं. पण त्यांची मुलगी माझी मैत्रीण आहे, म्हणून लिहीत नाही. बघा, वेळ आली की मीही तशीच.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. आमचं भंडाऱ्याकडचं गाव, तिथलं आजोबांचं घर, याबद्दल मी सहज बोलत होते. आमच्या घरी हे वाक्य ठरलेलं आहे: घर जळालं आणि आपण नागपूरला आलो. तेच मी इंग्रजीत सांगितलं.

"बाय हूम?" इर्माबाई म्हणाल्या.

मला राग आला. प्रत्येक ठिकाणी काय तेच लावलंय! "जुनं घर होतं, इर्मा. गवताचं छप्पर. जळालं."

"तुझ्या आजोबांनी त्याच्या आधी काय केलं होतं?"

काय केलं होतं? मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं आणि पोरांना शाळेत घातलं होतं. हे मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत होत्या, पण पन्नास वर्षांत त्या एकमेकींशेजारी ठेवून बघायचं कधी सुचलं नव्हतं. मी तिथूनच नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, गावचं घर जळालं की जाळलं?"

शेंगा सोलणारा हात थांबला. "जाळलं," आई म्हणाली.

"कोणी?"

आईने दोन नावं सांगितली. बापाच्या नावासकट, पटकन, जणू इतकी वर्षं जिभेवरच ठेवली होती. मग म्हणाली, "त्यातला एक माझ्या लग्नात आहेर घेऊन आला होता नं. आम्ही चहा पाजला त्याला. आता कशाला काढतेस ते?"

इर्माबाईंना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण आईचा चेहरा दिसत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "किती नावं?" मी म्हटलं, दोन. "आजच लिहून ठेव," म्हणाल्या. लिहून ठेवली. मराठीत आपण काय काय बोलतो, ते मला त्या दिवसापासून ऐकू यायला लागलं. वस्तीला आग लागली. मारहाण झाली. दोन गटांत तणाव निर्माण झाला. सगळं आपोआप होतं आमच्याकडे. निसर्गच जणू काठ्या घेऊन येतो!

त्यांच्या शेवटच्या वसंतात इर्माबाईंना जर्मनीहून पत्र आलं. त्या शहरातल्या वकिलांनी एक समिती केली होती. कोर्टाच्या मोठ्या दालनात, जिथे पापा उभे राहून खटले चालवायचे, तिथे पितळी पाटी लावायची, त्यावर सात ज्यू वकिलांची नावं. वारसांची संमती हवी होती. सातांच्या पोटच्या मुलांपैकी जिवंत या एकट्याच, बाकी वारस नातवंडं-पतवंडं. मसुदा सोबत जोडला होता. त्यांनी तो मला इंग्रजीत वाचून दाखवला: 'त्या काळात ज्यांनी आपला व्यवसाय आणि आपले प्राण गमावले, त्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ.'

"गमावले!" त्या एवढ्या ओरडल्या की मी पाणी आणायला उठले. "छत्री गमावतात! चष्मा गमावतात! माझा पापा इतका वेंधळा नव्हता!"

मग भिंगातून त्यांनी पत्राच्या कडेची समितीची नावं वाचली. चौथं नाव क्राउझे. नातू. अजून त्याच शहरात वकिली चालवतो. ते टेबल त्याच्याकडे आहे का, कोण जाणे. मला विचाराल तर असणारच.

त्यांनी पाच पत्रं पाठवली. त्या सांगायच्या, मी टाइप करायची. त्यांची मागणी एका शब्दाची होती: 'गमावले' काढा, 'मारले' घाला. दरवेळी मऊ मऊ उत्तर यायचं. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. शब्दरचना सर्वानुमते ठरवण्यात आली आहे. शहरात सलोखा राहावा हाही हेतू आहे. हा सलोखा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. ज्याचं घर जाळलं त्यानेच दरवेळी सलोख्याची काळजी का करायची? शेवटच्या पत्रात समितीने सरळ लिहिलं: महिनाअखेरपर्यंत संमती आली नाही, तर आपल्या वडिलांचं नाव वगळून यादी अंतिम करण्यात येईल.

वगळून! दुसऱ्यांदा! तेही वकिलांनीच.

तीन दिवस इर्माबाई दाराबाहेर पडल्या नाहीत. लिफ्टमध्ये गार्बेज शूटबद्दल, म्हणजे कचरा खाली टाकायच्या नळकांड्याबद्दल, नोटीस लागली होती, ती कोरीच राहिली. चौथ्या दिवशी मी आत गेले आणि तावातावाने म्हणाले, "काढून घ्या नाव. त्या खोट्या वाक्याखाली कशाला हवंय? जाऊ दे खड्ड्यात त्यांची पाटी."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुझे वडील कुठे आहेत?"

"नागपूरला. म्हणजे... तिथे दहन केलं. अस्थी आहेत घराजवळ, त्यावर छोटा चौथरा बांधलाय."

"तुला जायला चौथरा आहे. माझ्या पापाचं नाव कुठल्याच दगडावर नाही. या भिंतीवर नाही लागलं तर कधीच लागणार नाही. मी मेल्यावर तर नक्कीच नाही." मग त्यांनी डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. "नाव लागू दे. वाक्याचं मी बघते. लिहून घे. मी संमती देते, एका अटीवर: समारंभात मला तीन मिनिटं बोलू द्यावं. व्हिडिओवरून."

समिती खूश झाली. सर्वांत वयस्कर वारस, तीन मिनिटं, आभार मानणार, कदाचित रडणार. कोणाला नको असतं? लगेच होकार आला. इर्माबाईंनी भाषण हाताने लिहिलं, जर्मनमध्ये. मी त्यातलं अक्षर अक्षर बघून मोठ्या टायपात उतरवून काढलं. अर्थ मला कळत नव्हता, पण तीन पानं होती आणि दुसऱ्या पानाच्या मधोमध एक नाव होतं, ते मला वाचता येत होतं.

समारंभ तिथल्या दुपारी तीनला, म्हणजे आमच्याकडे सकाळी नऊला. त्याच दुपारी माझं नागपूरचं विमान होतं, बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. इर्माबाई कोर्टात घालायच्या तो निळा सूट घालून लॅपटॉपसमोर बसल्या. नजर अधू झाल्यामुळे त्यांची ओळ चुकायची, म्हणून मी शेजारी बसून कागदावर बोट फिरवत होते. स्क्रीनवर ते दालन दिसत होतं. रांगेने बसलेली माणसं, पुष्पगुच्छ, भिंतीवर झाकलेली पाटी. अध्यक्षांनी त्यांचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या.

आणि इर्माबाई जर्मनमध्ये बोलायला लागल्या. पंच्याऐंशी वर्षांनी. आवाज आधी घोगरा आला, मग मोकळा झाला. तो त्यांचा नेहमीचा म्हातारा आवाज नव्हता, एखाद्या शाळकरी पोरीने धडा म्हणून दाखवावा तसा स्पष्ट आवाज होता. पहिल्या पानाला माणसं माना हलवत होती. दुसऱ्या पानावर माझं बोट त्या नावापाशी आलं. 'डॉक्टर हेल्मुट क्राउझे.' त्यांनी ते पूर्ण उच्चारलं, एकेक अक्षर सुटं करून. सुरुवातीला अध्यक्षांनी ज्याची क्राउझे म्हणून ओळख करून दिली होती, तो पुढच्या रांगेतला माणूस उठला, अध्यक्षांच्या कानाशी लागला. इर्माबाईंनी पुढचं वाक्य सुरू केलं आणि स्क्रीनवर छोटी पाटी आली: होस्टने तुम्हाला म्यूट केलं आहे. त्या मशीनने तरी सरळ कर्ता सांगितला.

मी ते बटण दाबलं. चालेना. पुन्हा दाबलं, पाच-सहा वेळा दाबलं. चालू करायची परवानगीच काढून घेतली होती हरामखोरांनी. इर्माबाईंना स्क्रीन नीट दिसत नव्हती, ऐकूही कमी येत होतं. त्या बोलत राहिल्या. दालनात अध्यक्ष उभे राहून हसतमुखाने काही सांगत होते. 'टेक्निकल प्रॉब्लेम' एवढे दोन शब्द मला कळले. कोणीतरी पाटीवरचं कापड काढलं, टाळ्या वाजल्या. माझं बोट तिसऱ्या पानावर होतं, मी ते उचललं नाही. त्या शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या, कागद नीट जुळवले आणि माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणाले ते?"

चौऱ्याण्णव वर्षांची बाई. आवाज गेला होता मध्येच, नेट खराब होतं, असं म्हणून मी विमान पकडू शकले असते. तोंडावर आलंही होतं.

"इर्मा, त्यांनी तुमचा आवाज बंद केला," मी म्हणाले. "अध्यक्षांनी. क्राउझेच्या नातवाच्या सांगण्यावरून, असं मला दिसलं. शेवटचं दीड पान कोणीही ऐकलेलं नाही."

मला वाटलं, आता ही बाई माझ्यासमोर कोसळणार. त्यांनी भिंग उचललं.

"कुठल्या शब्दावर?"

मी दुसरं पान काढून बोट ठेवलं. त्या वाकल्या.

"नावाच्या आधी की नंतर?"

"नंतर. नाव पूर्ण झालं होतं. तुम्ही पुढचं वाक्य सुरू केलं, तेव्हा."

"नक्की?"

"बोट माझंच होतं, इर्मा. शपथेवर सांगते."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पाठ खुर्चीला टेकवली.

"म्हणजे नाव ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "पापाच्या कोर्टात, सगळ्यांनी. आता कॉफी गरम कर. आणि ब्रेडच्या दोन स्लाइस भाज. मला फार भूक लागलीये."